गुडघे टेकण्याची जागा

वनखात्याचा गार्ड आमच्या गावच्या चौकात सगळ्यांसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "आता पाहा. मी असा बसलो, तर जनावराले मी माणूस दिसतो का? नाई दिसत. त्याले वाटते, हे काहीतरी चरून राह्यलं." मग तो उठला, हात पसरून ताठ उभा राहिला. "असा उभा राह्यलो तर माणूस. म्हणून वाकायचं नाई. बसावंच लागलं, तर दुसऱ्यानं बाजूले उभं राह्याचं."

शेजारच्या गावातल्या एका बाईला त्याच आठवड्यात मोहफुलं वेचताना वाघानं नेलं होतं. फुलं वेचायची म्हणजे वाकावंच लागतं, आणि फुलं पडतात पहाटे. चौकात बाया डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. एरवी गार्ड आला की त्याची टिंगल करणारी पोरंही त्या दिवशी भिंतीला टेकून नुसती ऐकत होती.

गार्ड पुढं सांगत गेला. एकटं जायचं नाही. सूर्य निघाल्याशिवाय जायचं नाही. गप्प राहायचं नाही, आपसात बोलत राहायचं, म्हणजे जनावर आधीच वाट सोडतं. त्याचं एकेक वाक्य संपलं की माझी नजर आपोआप माझ्या सासूकडं जायची, कारण ती रोज नेमकं तेच करत होती. एकटी जात होती. अंधारात जात होती. तोंडातून आवाज काढत नव्हती. आणि तिथं जाऊन ती गुडघे टेकत होती, डोकं जमिनीपर्यंत वाकवत होती आणि डोळे मिटत होती. डोळे मिटण्याबद्दल गार्ड काही बोलला नाही. असंही कुणी करत असेल, हे त्या बिचाऱ्याच्या डोक्यातच आलं नसावं.

सासू मात्र सगळ्या बायांच्या मध्ये बसून समजूतदारपणे मान हलवत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं दाराची कडी काढली आणि ती गेली.

आमचं गाव नागभीडपासून आत, धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, संपून जंगल सुरू होतं तिथं. सासूचं घराणं बोडीतल्या, म्हणजे गावतळ्यातल्या, मासोळ्या धरणारं आणि थोडी शेती करणारं. तरुणपणी ती आणि सासरे ख्रिस्ताच्या मार्गाला लागले. एक म्हातारे पाळक तेव्हा सायकलवरून गावोगाव फिरायचे, त्यांच्यामुळं. घरातल्या मोठ्यांनी फार आरडाओरडा केला नाही. एवढंच सांगितलं की तुम्हाला करायचं ते करा, पण या कवेलूंच्या छपराखाली नाही. म्हणून ही दोघं पहाटे उठून शेतावर जायची. आमच्या शेवटच्या बांधीच्या धुऱ्यावर, मातीच्या बांधावर, एक मोहाचं झाड आहे. त्याच्या खाली गुडघे टेकायचे, प्रार्थना करायची आणि मग दिवसाच्या कामाला हात लावायचा. पुढं मोठी माणसं गेली, सासरेही गेले, कवेलूंचं घर सासूचंच झालं. पण पाय तिकडंच वळायचे. पावसाळा असो, थंडी असो, मोहाचा हंगाम असो वा नसो.

हंगामात तर गंमतच व्हायची. झाडाखाली फुलांचा सडा पडलेला असायचा. बाकीच्या बाया आपापल्या झाडाखाली भराभर टोपल्या भरायच्या, आणि आमची बाई त्या फुलांच्या मधोमध गुडघे टेकून बसलेली. प्रार्थना झाल्याशिवाय एका फुलाला हात लावायची नाही. तोवर शेळ्या येऊन अर्धी फुलं खाऊन जायच्या. गावात आम्हाला प्रार्थनावाले म्हणतात, आणि शेळ्यांनाही आम्ही प्रार्थनावाल्या केलं अशी थट्टा होते. सासू त्यावर स्वतःच सगळ्यांत जास्त हसायची.

मी चंद्रपूरची. आमच्या घरी माझ्या आजोबांपासून ख्रिस्ती धर्म. रविवारी इस्त्रीचे कपडे, मंदिरात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, ठरलेली जागा, छापील गीतांचं पुस्तक. लग्न होऊन इथं आले तेव्हा मला वाटलं होतं की प्रार्थनेच्या बाबतीत तरी या घरात मला काही शिकायचं राहिलेलं नाही. नवरा गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात कामाला, पंधरा-वीस दिवसांनी घरी येणारा. मी घरी शिलाई मशीन चालवते, शाळेचे गणवेश शिवते. सकाळी पाणी, स्वयंपाक, शेळ्या, मग मशीन. देवाला वेळ कधी देता असं कुणी विचारलं तर मी मोबाइल दाखवायचे. त्यात एक ॲप होतं. रोज सकाळी एका गोड आवाजाची बाई वचन वाचायची, छोटी प्रार्थना म्हणायची आणि मध्येच साबणाची जाहिरात लागायची. मी पीठ मळता मळता ते लावून ठेवायचे. प्रार्थना कधी संपली आणि साबण कधी सुरू झाला ते पुष्कळदा कळायचंही नाही. देव काय, समजून घेणारा आहे, असं मी म्हणायचे, आणि मला ते अगदी खरं वाटायचं.

गार्ड येऊन गेल्यावर मात्र माझ्या सकाळी बदलल्या. कडीचा आवाज झाला की मला जाग यायची आणि पुन्हा डोळा लागायचा नाही. मी अंथरुणात पडून नुसती ऐकायचे. तिच्या चपला अंगणात वाजायच्या, मग रस्त्यावर, मग काही नाही. त्या काही नसण्याची मला इतकी भीती वाटायची की मी पोटावर उशी दाबून धरायचे. कुत्रं भुंकलं तरी मी उठून बसायचे, आणि भुंकायचं थांबलं तरी. ती परत येऊन दारातल्या बादलीत लोटा बुडवायची. तो बुडबुड आवाज आला की मी श्वास सोडायचे आणि लगेच मला तिचा राग यायचा. पाय धुऊन ती आत यायची ती अशी शांत, जशी काही शेजारणीकडून विरजण घेऊन आली.

एक दिवस मी भांडलेच. "आई, घरी करा ना प्रार्थना. देव काय फक्त त्या झाडाखालीच बसते?"

"देव नाई बसत तिथी," ती म्हणाली. "मीच बसतो. घरी मले बसता येत नाई. घरी बसलो का हात चुलीकडं जाते."

"मंग जाऊ द्या चुलीकडं. चुलीजवळ बसून बोला देवासंग."

"तू बोलतं तशी?" ती म्हणाली. तिनं टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं. म्हणूनच मला ते जास्त झोंबलं.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "तूच समजाव तिले." मी म्हटलं, माय तुमची, समजावायची मी? मग त्यानं तिला फोन द्यायला सांगितलं. सासूनं सगळं ऐकून घेतलं, "होये बापू, होये" म्हणाली, जेवला का विचारलं, खोकला कमी झाला का विचारलं आणि फोन मला परत दिला. दुसऱ्या दिवशी कडी वाजली. मी तिच्या चपला लपवून पाहिल्या, तर ती अनवाणी गेली. वाघाच्या जोडीला आता मला सापाचीही भीती. संध्याकाळी मी निमूटपणे चपला दारात आणून ठेवल्या.

शेवटी मीच तिच्याबरोबर निघाले. भक्ती वगैरे काही नव्हती. घरी पडून ऐकत राहण्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेलं बरं, एवढाच विचार. एका हातात काठी, दुसऱ्या हातात स्टीलची थाळी. गार्डानं सांगितलं होतं की भांडं वाजवा.

पहाटेचं ते शेत मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. धान कापून झालेलं, बांध्या कोरड्या, त्यांच्या पलीकडं जंगलाची काळी रेघ. सासू झाडाखाली गेली, साडी सारखी केली, गुडघे टेकले आणि डोकं खाली घातलं. अंधुक उजेडात तिची पाठ तेवढी दिसत होती, आणि गार्डाचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. ती माणूस वाटत नव्हती. मी तिच्या आणि जंगलाच्या मध्ये जाऊन उभी राहिले. पण पाठीमागंही झुडपं होतीच, म्हणून वळून पाहिलं, मग पुन्हा पुढं. पाचोळा वाजला. घूस असेल किंवा काहीच नसेल. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, आणि ही बाई खाली मान घालून बसली ती बसलीच. तिच्याकडून एक शब्द ऐकू येत नव्हता.

परत येताना मी म्हटलं, "उद्यापासून मोठ्यानं प्रार्थना करा. गार्डानं सांगतलं ना, बोलत राह्याचं."

ती थांबली. "माह्यं अन् देवाचं बोलणं तू काऊन ऐकतं?"

"मी नाई ऐकत. जनावरानं ऐकावं म्हणून म्हणून राह्यली."

दुसऱ्या दिवशी गुडघे टेकल्यावर तिनं घसा साफ केला. आवाज इतका लहान निघाला की मोहाच्या झाडालाही ऐकू गेला नसेल. मी म्हटलं, "आई, मोठ्यानं." तशी ती लाजली. साठी उलटलेली बाई, पण वर्गात कविता म्हणायला उभ्या केलेल्या पोरीसारखी लाजली. मग हळूहळू आवाज मोकळा झाला.

मी ऐकणार नव्हते, पण कान काय बंद करता येतात? तिच्या प्रार्थनेत मला माहीत असलेल्या प्रार्थनेचं काहीच नव्हतं. ती देवाला बापा म्हणायची आणि आदल्या दिवसाचं सगळं सांगायची. शेळीचा पाय सुजला. बोडीचं पाणी लवकर आटून राह्यलं. पोराच्या छातीत सिमेंट जाते, त्याले सांभाळ. शेजारच्या गावातल्या त्या गेलेल्या बाईच्या लेकरांसाठी ती मागायची, त्यांचा बाप दारू पिणार नाही असं कर म्हणायची. वाघासाठीही मागायची. त्याले जंगलातच पोटभर भेटू दे, म्हणजे तो इकडे येणार नाई, त्याले कोणी मारणार नाई. आणि रोज न चुकता माझ्यासाठी. सुनेचे डोळे मशीनवर दुखते. सुनेची जीभ तिखट हाये पण मन साफ हाये, हे तुले माहीतच हाये, बापा. मी काठी घेऊन जंगलाकडं बघत उभी होते आणि माझे कान गरम झाले होते.

पुढच्या दोन-चार दिवसांत ती मी तिथं आहे हे विसरूनच गेली. आणि मग एका पहाटे तिच्या तोंडून आलं, "मले भेव लागते, बापा. रोज लागते. कडी काढताना हात कापते. तू हात धर."

मी दचकून तिच्याकडं वळले. वाघ पाठीमागून आला असता तरी मला कळलं नसतं. इतके दिवस मी तिच्यावर चिडत होते ते तिला भीती वाटत नाही म्हणून. जिवाची पर्वा नाही, पोराची नाही, सुनेची नाही, असं वाटून. आणि ही रोज माझ्याइतकीच घाबरून घराबाहेर पडत होती.

घरी आल्यावर मी विचारलं, "मंग जाताच काऊन?"

ती शेळीपुढं पाला टाकत होती. म्हणाली, "तुह्ये सासरे गेले ना, त्या वर्षी मी थांबली होती. आज धानाची रोवणी हाये, उद्या जाईन. उद्या पाहुणे हाये, परवा जाईन. असं करता करता पावसाळा निघून गेला. मंग एक दिवस बसली तर काय बोलावं तेच सुचेना. घरात होती मी, भिंती होत्या, दार होतं, पण मले कोणीच नव्हतं. तसं भेव मले या जनावराचं बी नाई लागत."

मी चहा ठेवला.

असे मोहाचे दिवस चालले होते. रोज जायचं ठरलं म्हणून भीती कमी झाली असं कुणी समजू नये. उलट वाढली, कारण आता काय गमवायचं ते मला कळलं होतं. धुऱ्यावर पोचेपर्यंत माझ्या तळहातांना घाम यायचा आणि काठी निसटायची.

ज्या दिवशी तो आला, त्या दिवशी उजेड रोजच्यापेक्षा जरा जास्त होता. सासू प्रार्थनेत नुकतीच शेळीच्या पायावर आली होती. तेवढ्यात जंगलाच्या कडेच्या झाडावरून वानर खाकरलं, जनावर दिसल्यावर खाकरतं तसं, मग दुसरं. मी तिकडं पाहिलं तर काही नव्हतं. म्हणून नजर बांध्यांवरून मागं आणली, आणि पलीकडच्या धुऱ्यावर तो होता. आमच्या बांधीला लागून दुसऱ्याची बांधी, तिच्या टोकाला. तो चालत नव्हता. उभा राहून आमच्याकडं पाहत होता. मी इतके दिवस मनात जो वाघ आणला होता तो डरकाळ्या फोडणारा होता. हा अगदी गप्प होता. त्याचं डोकं खाली होतं आणि नजर माझ्यावर नव्हती, माझ्या मागं जमिनीवर वाकलेल्या पाठीवर होती.

थाळी माझ्या हातात होती. काठी दुसऱ्या हातात होती. एकीनं दुसरीवर मारायचं, बस. हात उचलला जाईना. ओरडावं तर घशातून हवासुद्धा निघेना. प्रार्थना करावी म्हटलं. लहानपणापासून पाठ केलेल्या इतक्या प्रार्थना, त्यातली एक आठवेल तर शपथ. डोक्यात फक्त मोबाइलमधल्या बाईचा गोड आवाज आला आणि त्याच्या मागून साबणाची जाहिरात. आयुष्यात मला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं.

मागं सासूची प्रार्थना चालूच होती. पण आवाज चढला होता. तिनं वानर ऐकलं होतं. ज्या सुरात ती देवाशी बोलत होती त्याच सुरात, जराही न अडखळता, ती म्हणाली, "बापा, तू इथीच राह्य. सूनबाई, तू बी उभीच राह्य, पळू नको. मी तुह्या पदराले धरून उठून राह्यली. बापा, माह्ये गुडघे कापून राह्यले, मले उठू दे." माझा पदर मागून ओढला गेला. तिचं सगळं वजन माझ्या खांद्यावर आलं, आणि ती माझ्या शेजारी उभी राहिली. तिनं माझ्या हातातली काठी घेतली आणि थाळीवर मारली. पहिला आवाज आला तसा माझाही घसा सुटला. मी काय ओरडले ते मला सांगता येणार नाही, त्यात शब्द नव्हते.

वाघानं मान वळवली. घाई न करता तो धुऱ्यावरून खाली उतरला आणि पळसाच्या झुडपांत शिरला. झुडपं हलायची थांबल्यावर तो कुठं आहे ते कळेना, आणि तेच सगळ्यांत वाईट होतं. आम्ही उलट्या पावलांनी चालत, थाळी बडवत गावापर्यंत आलो. घरात शिरून मी कडी लावली, दाराला आतून पाट टेकवला आणि खाली बसले ते दुपारपर्यंत उठले नाही.

गार्ड आला, माणसं आली, धुऱ्यावर पावलांचे ठसे सापडले. त्यांनी झाडाला कॅमेरा बांधला आणि त्या बाजूला जायला सगळ्यांनाच मनाई केली. मी सासूला म्हटलं, आता घरीच. मला वाटलं होतं ती वाद घालेल. ती लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच की माझ्या मनात पाल चुकचुकली.

पहिल्या दिवशी ती पहाटे उठून देवळीजवळ बसली. तेवढ्यात शेळी ओरडली, ती उठून गेली. पुन्हा बसली तर दूधवाला आला. दुसऱ्या दिवशी ती बसली आणि लगेच उठली. नंतर ती बसायची आणि नुसती दाराकडं बघायची. गुडघे टेकलेले नाहीत, मान खाली नाही, डोळे उघडे. मग एका पहाटे मला झाडूचा आवाज आला. ती अंगण झाडत होती. दुसऱ्या दिवशीही झाडू. अंगण असं लख्ख कधी झालं नव्हतं.

मला हवं होतं ते झालं होतं. म्हातारी घरात होती, दाराला कडी होती. तरी पहाटे मला जाग यायची आणि मी पूर्वीसारखीच पडून ऐकत राहायचे. पूर्वी कडी वाजेल म्हणून भीती वाटायची, आता तिचा आवाज येत नाही म्हणून. शेळीचं कुणी सांगत नव्हतं, पोराच्या खोकल्याचं सांगत नव्हतं. माझं नाव कुणी काढत नव्हतं. मला खरंच भीती वाटत होती, अगदी धुऱ्यावर वाटायची तशी. ती जेवायची, बोलायची, पण तिच्या चेहऱ्यावर कुणी नव्हतं. सासरे गेल्यावरच्या पावसाळ्याबद्दल ती जे बोलली होती, ते माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा होत होतं.

मी तिच्या हातातून झाडू काढून घेतला. म्हटलं, "आई, किती दिवस झाले. बसत काऊन नाई?"

"बसतो ना."

"नाई बसत."

ती पायरीवर टेकली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "डोळे मिटले का तोच दिसते वं. मी वाकली हावो अन् तो मागून पाहून राह्यला. घरात बी दिसते. डोळे मिटवतच नाई मले. झोपतो बी दिवा लावून." दिवा लावून झोपते हे मला माहीत होतं. मी तिला विजेच्या बिलावरून बोललेही होते. "इतके वर्स देवासमोर बसली, अन् आता मले बसता येत नाई. आता काय करू मी?"

तिचे डोळे भरले होते. या बाईला मी पोराच्या आजारपणातही कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला रडू आवरेना, आणि रडू आलं की माझा आवाज चढतो, तसा तो चढला. "उद्या मी पाहतो काय करायचं ते!"

दुसऱ्या दिवशी सूर्य निघाल्यावर मी चुलीवरचं भांडं उतरवलं. मोबाइल आत ठेवला. स्वयंपाकघराला बाहेरून कडी घातली आणि सासूचा हात धरून तिला मागच्या सांदवाडीत, परसात, नेलं. तिथं काट्यांचं कुंपण आहे. कुंपणापलीकडं बांध्या, आणि बांध्यांच्या पलीकडं ती रेघ. उजेडातही माझी नजर आधी तिकडंच जाते.

तिच्या हातात मी काठी दिली, थाळी दिली. म्हटलं, "तुम्ही डोळे नका मिटू. उघडेच ठेवा. उभ्या राह्या अन् पाहात राह्या. आज मी बसतो."

"तू?" ती म्हणाली.

"मीच. दुसरं कोण हाये इथी?"

मी जंगलाकडं पाठ केली आणि गुडघे टेकले. माती गार होती, एक खडा नेमका गुडघ्याच्या वाटीखाली आला. मी मान खाली घातली आणि डोळे मिटले. त्याबरोबर माझी सगळी पाठ उघडी पडली. कुंपणाचा एक काटा हलला तरी मला तो ऐकू येत होता. सासूच्या कितीतरी पहाटा अशा गेल्या होत्या, आणि तिच्या मागं उभं राहायला कुणी नव्हतं. डोळे उघडून एकदा बघावं, फक्त एकदाच, असं इतकं वाटत होतं की मी पापण्या घट्ट दाबून धरल्या.

शब्द येत नव्हते. मंदिरातले आले नाहीत, पुस्तकातले आले नाहीत, मोबाइलमधल्या बाईचेही आले नाहीत. माझ्यासमोर कुणीतरी वाट पाहतंय आणि मी मुकी बसले आहे, असं वाटलं. मग जे आलं ते माझं नव्हतं. धुऱ्यावर उभी राहून ऐकलेलं होतं.

"मले भेव लागते, बापा," मी म्हटलं. आवाज धड फुटलाही नाही.

मागं काही हललं नाही. थाळी वाजली नाही. मग माझ्या अगदी पाठीशी, जवळून, सासूचा आवाज आला.

"मोठ्यानं बोल, माय. मले ऐकू नाई येऊन राह्यलं."